श्रोता आणि गर्दी

पाश्चात्त्य रॉक संगीतावर गेल्या साठ वर्षांत जे विपुल लेखन झाले, त्यात वादकांच्या हातोटीची, ध्वनिमुद्रिकांच्या खपाची, इतकेच काय पण गायकांच्या व्यसनांचीही साद्यंत मीमांसा आढळते. परंतु ज्या जनसमुदायापुढे हे संगीत प्रत्यक्ष उभे राहिले, त्या समुदायाने ते ऐकले कसे, या प्रश्नाची दखल बहुधा पोलीस बंदोबस्ताच्या नाहीतर तिकीटविक्रीच्या हिशेबापुरतीच घेतली गेली. ऐकणे हीही एक विद्या आहे, तिला घराणी असतात आणि तिचा ऱ्हासही होतो, हे आपल्याकडील मैफलीच्या रसिकाला सांगावे लागत नाही. रॉकच्या बाबतीत मात्र ते सांगावे लागते, आणि त्यासाठी आरंभ या विद्येच्या संपूर्ण अभावापासूनच करणे इष्ट.

१५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर बीटल्सचा जो कार्यक्रम झाला, त्याला सुमारे ५५,६०० माणसे हजर होती. व्हॉक्स कंपनीने शंभर वॉटचे ध्वनिवर्धक मुद्दाम तयार करून दिले होते आणि बेसबॉलच्या सामन्यात घोषणांसाठी वापरले जाणारे मैदानाचे कर्णे गायनासाठी जोडले होते. पण किशोरींच्या अखंड किंकाळ्यांपुढे ही सारी सिद्धता इतकी तोकडी पडली की खुद्द वादकांनाही आपले वाद्य धड ऐकू येईना. आराध्याचे दर्शन घडले, डोळे भरून आले, मूर्च्छा आल्या. श्रवण तेवढे घडले नाही. वर्षभरानंतर, २९ ऑगस्ट १९६६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कवर, बीटल्सनी तिकीट लावून होणारा आपला अखेरचा कार्यक्रम केला आणि ते स्टुडिओत परतले. त्यांच्या निवृत्तीची इतरही कारणे होती. परंतु ऐकणाराच नसेल तर वाजवायचे कोणासाठी, हे त्यातले लहान कारण खास नव्हे.

त्याच सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात १९६५ साली उदयास आलेल्या ग्रेटफुल डेड या संघाने याच्या अगदी उलट टोकाचा श्रोता घडवला. प्रथम त्यांनी ध्वनीचा प्रश्न हाती घेतला. ऑस्ली स्टॅन्ली नावाच्या विक्षिप्त पण कुशाग्र तंत्रज्ञाच्या कल्पनेतून साकारलेली आणि ‘वॉल ऑफ साउंड’ म्हणून ख्यात झालेली यंत्रणा २३ मार्च १९७४ रोजी काऊ पॅलेसमध्ये पूर्ण स्वरूपात उभी राहिली: सुमारे पंचाहत्तर टन वजनाची, सहाशेच्या आसपास कर्ण्यांची, आणि वादकांच्या पुढे नव्हे तर पाठीशी उभारलेली भिंत. त्यामुळे जे श्रोत्याला ऐकू येई तेच वादकालाही. मागचा आवाज गायकाच्या मायक्रोफोनमध्ये पुन्हा शिरून शिट्टी वाजू नये म्हणून प्रत्येक गायकापुढे एकमेकांना उलटे जोडलेले दोन मायक्रोफोन ठेवले, आणि गायकाने त्यांपैकी एकातच गावे असा शिरस्ता घातला. दोहोंत सारखाच पोहोचणारा मागचा गोंगाट परस्पर नष्ट होई, उरे तो केवळ कंठ. हा पांढरा हत्ती पोसणे अशक्य होऊन त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात तो मोडीत निघाला. परंतु दूरच्या रांगेतील माणसालाही बास गिटारची एकेक तार निराळी ऐकण्याचा हक्क आहे, ही जाणीव त्याने मागे ठेवली.

तथापि श्रोता यंत्राने घडत नाही. डेडचा श्रोता घडला तो अनिश्चिततेने. आज कोणते गीत येईल, कोणते गीत कोणत्या गीतात विरघळेल, मधला उत्स्फूर्त विस्तार आठ मिनिटे चालेल की अर्धा तास, हे बव्हंशी रंगमंचावर ठरे. तीस वर्षांतील दोन हजारांवर कार्यक्रमांत एकसारखे दोन सापडणे कठीण. साहजिकच एकाच संघाचा कार्यक्रम लागोपाठ चार रात्री ऐकणे हा वेडेपणा न राहता व्यासंग झाला. डेडहेड म्हणवणारे हे लोक वह्या बाळगू लागले, कोणते गीत किती रात्रींनी परतले याचे जमाखर्च ठेवू लागले, आणि १९८७ पासून तर असे तपशील ‘डेडबेस’ नावाच्या जाडजूड ग्रंथातून छापले जाऊ लागले. कर्णबधिर रसिकांचाही एक गट या कार्यक्रमांना येई; हातात फुगवलेला फुगा धरून त्याच्या पडद्यावर ध्वनीची थरथर अनुभवणारी ती माणसे रॉकच्या कोणत्याही इतिहासात मानाचे पान मिळण्यास पात्र आहेत.

या श्रोतृविद्येचे परमोच्च रूप म्हणजे ध्वनिमुद्रण करणारा ‘टेपर’. आरंभी ही मंडळी कोटाच्या बाहीतून मायक्रोफोन चोरून नेत. १९८४ च्या ऑक्टोबरात संघाने त्यांना रीतसर परवानगी देऊन ध्वनिनियंत्रकाच्या मेजामागे स्वतंत्र जागा नेमून दिली. एकदा वाजवून झालेले संगीत आपले राहत नाही, ही संघाचा गिटारवादक जेरी गार्सिया याची भूमिका त्यामागे होती. अट एकच, की टेपचा व्यापार होता कामा नये. नवख्याने कोऱ्या कॅसेट आणि परतीचे टपाल धाडावे, जुन्याने प्रत करून पाठवावी, असा व्यवहार वर्षानुवर्षे पैशावाचून चालला. आता या माणसाचा विचार करा. उंच काठीवर मायक्रोफोन चढवून तो उभा आहे. जवळ कोणी गप्पा मारल्या तर त्या कायमच्या दप्तरी दाखल होतील म्हणून तो शेजाऱ्यांना दटावतो. स्वतः टाळी वाजवत नाही. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांत संपणार, तेव्हा ती कोणत्या क्षणी उलटायची याचा अंदाज बांधण्यासाठी त्याला उत्तरार्धाची रचना अंतर्बाह्य ठाऊक हवी: गीतांची साखळी केव्हा सैल होते, दोन ढोलवादकांचा प्रदीर्घ खंड केव्हा सुरू होतो, त्यानंतरच्या निराकार स्वरविहारातून पुढचे गीत कसे डोकावते. केवळ यंत्राच्या गरजेपोटी हा मनुष्य समीक्षकाच्या तोडीचे ऐकू लागतो.

त्या ढोलवादनाशी आपलाही संबंध आहे. डेडच्या दोन ढोलवादकांपैकी मिकी हार्ट याने उस्ताद अल्लारखा यांच्यापासून प्रेरणा घेतली आणि मुंबईत वाढलेल्या झाकीर हुसेन यांच्यासह १९७६ साली ‘डिगा ऱ्हिदम बँड’ची ध्वनिमुद्रिका काढली, पुढे ‘प्लॅनेट ड्रम’ही या दोघांच्याच सहवासातून जन्मले. तालाची ही देवघेव झाली. टेपची झाली असती तर आपला अधिक लाभ होता. आपल्याकडेही दर्दी लोकांनी मैफली टेपवर उतरवल्या, पण पुष्कळदा त्या कपाटात कुलूपबंद ठेवण्यातच धन्यता मानली.

अर्थात टेपच्या राज्यातही अन्याय होतातच. ८ मे १९७७ चा कॉर्नेल विद्यापीठातील कार्यक्रम सर्वश्रेष्ठ म्हणून गाजला, पुढे लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीतही दाखल झाला. परंतु त्या कीर्तीतला मोठा वाटा संघाची ध्वनिमुद्रक बेटी कँटर हिच्या निर्मळ मुद्रणाचा आहे असे माझे मत आहे. त्याच महिन्यातील इतर रात्री काही फार मागे नाहीत.

या श्रोत्याची कसोटी पाहायची असेल तर ९ ऑक्टोबर १९८९ चे हॅम्प्टनचे मुद्रण ऐकावे. गर्दी टाळण्यासाठी संघाने जुन्या नावाचा आडोसा घेऊन हा कार्यक्रम जाहीर केला होता. पाच वर्षे न वाजलेल्या ‘डार्क स्टार’ या गीताचे आरंभीचे मोजके स्वर उमटतात, आणि काय चालले आहे हे ध्यानी येताच सारे सभागृह गर्जून उठते. शे स्टेडियमवरही आवाज कानठळ्या बसवणाराच होता. पण तिथला आवाज संगीत बुडवणारा होता, इथला ओळख पटल्याचा आहे.

दुर्दैव असे की या वर्तुळाचा घात त्याच्या कीर्तीनेच केला. १९८७ साली ‘टच ऑफ ग्रे’ हे डेडचे गीत लोकप्रियतेच्या पहिल्या दहांत गेले आणि वाहनतळांवरच्या जत्रेसाठीच येणाऱ्या, तिकीट नसलेल्या, ऐकण्याशी कर्तव्य नसलेल्या जमावाचा लोंढा सुरू झाला. २ जुलै १९९५ रोजी इंडियानातील डीअर क्रीक येथे जमावाने कुंपण मोडले, दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम रद्द करावा लागला, आणि ज्या संघाने आजवर श्रोत्यांना कशाचीही फारशी मनाई केली नव्हती, त्याला त्यांच्या नावे कडक शब्दांत पत्रक काढणे भाग पडले. आठवड्याभरात शिकागोला अखेरचा कार्यक्रम झाला; ९ ऑगस्टला गार्सिया गेला.

आजची अवस्था संमिश्र आहे. जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम झाले, तेव्हा प्रत्येकाच्या मनगटावर दुरून नियंत्रित होणारी प्रकाशपट्टी होती. मैदान एकाच वेळी पिवळे, मग निळे होताना पाहणे सुंदर असते, हे नाकारण्यात अरसिकताच दिसेल. परंतु ती पट्टी बांधलेला मनुष्य ऐकत असला तरी उजळते आणि दुसरीकडे पाहत असला तरी उजळते. त्याच्या अवधानाशी तिला देणेघेणे नाही. हाच संघ एका गीतापुरते मोबाइल खिशात ठेवण्याची विनंती श्रोत्यांना करतो, तेव्हा आपण काय गमावले आहे हे त्यालाही उमगले असावे. गीतांचा क्रम रात्रीमागून रात्र जवळपास तोच राहिला तर दुसऱ्यांदा येणाऱ्याला ऐकण्याजोगे नवे ते काय उरणार?

उलटपक्षी, २०१७ साली फिश या संघाने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तेरा रात्री वाजवून एकही गीत पुन्हा घेतले नाही, आणि त्यांचे श्रोते आजही अमुक रात्रीचा विस्तार सरस की तमुक रात्रीचा, यावर हिरिरीने वाद घालतात. वह्या अद्याप मिटलेल्या नाहीत. डेडच्या उरलेल्या वादकांपैकी काहींनी २०२४ साली लास व्हेगासच्या स्फीअरमध्ये, १ लाख ६० हजार चौरस फुटांच्या पडद्याखाली मुक्काम ठोकला, तेव्हा पडद्यावरची दृश्ये फिरून फिरून तीच येत होती, पण गीते बदलत होती. माना वर करून पाहणारे प्रेक्षक तिथे बहुसंख्य असणार. मात्र दुसरे गीत केव्हा सुरू झाले हे त्यांच्यातील किती जणांना कळले, याचा निवाडा पडद्याची छायाचित्रे पाहून होणार नाही, त्यासाठी त्या रात्रींचे ध्वनिमुद्रणच लावावे लागेल.