लॉग पाठवला, पण पोहोचला का?

लिनक्सवरचे लॉग नेटवर्कवरून दुसऱ्या सर्व्हरला कसे पाठवायचे, हे सांगणारे धडे ढीगभर मिळतात. बहुतेकांचा सल्ला एका ओळीत संपतो: आरसिसलॉगच्या कॉन्फिग फाइलमध्ये ॲट चिन्ह टाका, पुढे सर्व्हरचा पत्ता लिहा, झालं! आज आपण त्या एका ओळीचीच चिकित्सा करू.

मुळात लॉग बाहेर का पाठवायचे? यंत्रात घुसलेल्याला रूटचे अधिकार मिळाले, की तो तिथले लॉग पुसू शकतो. दुसरीकडे गेलेली प्रत त्याच्या हाती सहजासहजी लागत नाही. म्हणजे ती प्रत आपला साक्षीदार. मग हा साक्षीदार कितपत भरवशाचा, हे बघायला नको का?

सिसलॉग १९८०च्या दशकात एरिक ऑलमन यांनी सेंडमेल या मेल पाठवणाऱ्या प्रणालीसाठी लिहिला. पुढे तो सगळीकडे पसरला. २००१ सालचा आरएफसी ३१६४ हेही मानक नव्हे. चालत आलेल्या रीतीचं ते वर्णन. त्या रीतीत वेळेच्या शिक्क्यात वर्षच नाही, टाइमझोनही नाही! २००९च्या आरएफसी ५४२४ने ही उणीव भरून काढली, तरी जुना साचा अजून अनेक ठिकाणी चालू आहे.

आता ते ॲट चिन्ह. एक ॲट म्हणजे यूडीपी, पोर्ट ५१४. पोच नाही. वाटेत पॅकेट हरवलं तर पाठवणाऱ्याला पत्ता नाही, घेणाऱ्यालाही नाही. दोन ॲट म्हणजे टीसीपी. इथे बरेच जण निश्चिंत होतात, पण तेही पुरेसं नाही. जोडणी तुटते त्या क्षणी कर्नलच्या बफरमध्ये असलेले संदेश जातात, आणि आरसिसलॉग ते पाठवले असंच समजतो. हीच फट बुजवायला आरसिसलॉगचे कर्ते रायनर गेरहार्ड्स यांनी रेल्प आणला. त्यात घेणारा संदेशांची पोच देतो. वाटेत कुणी वाचू नये म्हणून टीएलएस, पोर्ट ६५१४.

यूडीपीची बाजूही ऐकून घेऊ. लॉग सर्व्हर बंद पडला तरी पाठवणारं यंत्र अडत नाही. टीसीपीत मात्र रांग भरली तर चालू सेवाही खोळंबू शकतात. म्हणून डिस्कवर उतरणारी रांग आणि न थकता पुन्हा प्रयत्न करण्याची सेटिंग, दोन्ही हवंच.

भारतात सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. पण जे पोहोचलंच नाही, ते ठेवणार कसं?

तेव्हा एक करा. लॉग सर्व्हर दहा मिनिटं बंद ठेवा. तेवढ्यात लॉगर या कमांडने १ ते १०० आकडे असलेले संदेश पाठवा. सर्व्हर सुरू करा, आणि तिकडे किती आले ते मोजा.