परीक्षणात काय सांगावे, काय राखावे

आपल्या नियतकालिकांतील पुस्तक-परीक्षणांचा एक ठराविक साचा होऊन बसला आहे. आरंभी लेखकाचा परिचय, मग पहिल्या प्रकरणापासून अखेरच्या प्रकरणापर्यंत कथानकाचा गोषवारा, त्यानंतर भाषा ओघवती असल्याचा निर्वाळा, मुद्रणदोषांचा ओझरता उल्लेख, मुखपृष्ठाची वाखाणणी आणि शेवटी ‘पुस्तक संग्रही ठेवावे असे आहे’ ही शिफारस. गंमत अशी की, गोषवारा वाचून झाल्यावर ते पुस्तक संग्रही ठेवण्याचे कारणच उरत नाही. नायिकेचे लग्न कोणाशी झाले, परागंदा झालेला मुलगा घरी परतला की नाही, हे सारे वाचकाला कळून चुकते. कळत नाही ते एवढेच की, पुस्तक चांगले आहे ते कशामुळे.

सगळी गोष्ट सांगून टाकण्याचा हा दोष निव्वळ अनवधानाने घडतो, असे मानता येत नाही. मत देण्याची जबाबदारी टाळण्याची ती एक सोयीस्कर वाट आहे. आपला समाज लहान. लेखक आणि परीक्षक रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात एकमेकांना भेटणारे. कादंबरीचा उत्तरार्ध सैल झाला आहे असे लिहिले, तर पुढच्या रविवारी नजर चुकवावी लागते. गोष्ट सांगून दोन पाने भरली, तर कोणीच दुखावत नाही. लेखकाला दखल घेतल्याचे समाधान मिळते, संपादकांना मजकूर मिळतो. नुकसान होते ते वाचकाचे आणि पुढे लेखकाचेही. कारण पुढचे पुस्तक अधिक चांगले कसे होईल, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

यावर एक आक्षेप येईल. शेवट आधी कळल्याने अस्सल साहित्य कोमेजते काय? प्रभूच्या दुःखसहनाची कथा आपण दरवर्षी पवित्र आठवड्यात ऐकतो. तिचा शेवट प्रत्येकाला ठाऊक असतो; तरीही पेत्राच्या नकारापाशी मन थबकते ते थबकतेच. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यातील राचोल येथे छापले गेले. त्यातील जवळजवळ ११ हजार ओव्या ज्या कथेच्या आहेत, ती आपल्याला बालपणापासून पाठ आहे. म्हणून काही त्या ओव्यांची गोडी उणावलेली नाही. संतचरित्रांचेही तसेच. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर हुतात्मा झाले, हे वसईतील लहान मुलालाही माहीत असते. त्यांच्या चरित्राचा परीक्षक हौतात्म्याची वार्ता गुपित म्हणून राखू लागला, तर ते हास्यास्पद ठरेल. तेथे ‘काय झाले’ हा प्रश्न नसतो. ‘कसे घडले’ आणि ‘कोणत्या बळावर घडले’ हा असतो.

आक्षेप रास्त आहे. परंतु त्यातून सगळेच सांगावे असा निष्कर्ष निघत नाही. निघतो तो असा : जे सर्वांना आधीच अवगत आहे किंवा जे लेखकाने स्वतःच आरंभी सांगितले आहे, ते परीक्षकाने खुशाल सांगावे, जे लेखकाने राखून ठेवले आहे, ते परीक्षकानेही राखावे. कोणती गोष्ट वाचकाला केव्हा कळावी, हे ठरविणे हा लेखकाच्या रचनेचाच भाग असतो. ती रचना मोडण्याचा अधिकार परीक्षकाला कोणी दिलेला नाही.

एका पुस्तकाच्या आधारे हे पडताळून पाहता येईल. नागासाकीचे नाव आलेच आहे, म्हणून जपानी कॅथलिक कादंबरीकार शुसाकू एन्डो यांची ‘सायलेन्स’ ही कादंबरी घेऊ. मूळ जपानी पुस्तक १९६६ साली प्रसिद्ध झाले, १९६९ मध्ये ते इंग्रजीत आले आणि २०१६ मध्ये मार्टिन स्कॉर्सेसी यांनी त्यावर चित्रपट काढला. जपानमध्ये १६१४ पासून ख्रिस्ती धर्मावर बंदी होती. फादर फेरेरा हे ज्येष्ठ येशूसंघीय धर्मगुरू छळापुढे नमले आणि त्यांनी श्रद्धात्याग केला, ही वार्ता युरोपात पोहोचते. त्यांच्या विद्यार्थ्यांना ती खरी वाटत नाही. सत्य शोधण्यासाठी ते गोवा आणि मकावमार्गे निघतात आणि फादर रॉड्रिग्ज व फादर गार्पे हे दोघे गुप्तपणे जपानच्या किनाऱ्यावर उतरतात. एवढे सांगण्यास कोणतीच हरकत नाही. फेरेरांची वार्ता तर लेखकाने कादंबरीच्या अगदी आरंभीच दिली आहे, आणि १६३३ मध्ये त्यांनी केलेला श्रद्धात्याग इतिहासातही नमूद आहे.

येथून पुढे परीक्षकाने कथा सोडावी आणि कादंबरीकडे वळावे. ‘मौन’ कोणाचे, हा प्रश्न त्याने मांडावा. गोरगरीब शेतकरी श्रद्धेपायी मरत असताना देव बोलत का नाही, या प्रश्नाने रॉड्रिग्ज व्याकूळ होतात. हीच कादंबरीची नाडी आहे. पूर्वार्ध त्यांच्या पत्रांतून उलगडतो. पुढे पत्रे थांबतात आणि निवेदन तृतीयपुरुषी होते. ज्या माणसाच्या अंतःकरणातून आपण जग पाहत होतो, त्याच्याकडे आता बाहेरून पाहावे लागते. हे लेखकाने का केले असावे, याचा विचार परीक्षकाने केला, तर वाचकाच्या हाती एक किल्ली येते आणि दार मात्र बंदच राहते. किचिजिरो हा दुबळा, लाचार वाटाड्या आपल्याला किळसवाणा वाटतो आणि तरी परका का वाटत नाही, हेही एक घटना न फोडता लिहिता येते.

मग मतभेदाचे काय? ही कादंबरी आली तेव्हा जपानमधील काही कॅथलिकांनीच तिच्याबद्दल नाराजी व्यक्त केली होती. हुतात्म्यांच्या रक्ताने पावन झालेल्या भूमीत दुबळ्यांविषयी एवढा कळवळा दाखवावा काय, असा प्रश्न उभा राहिला. परीक्षकाने तो प्रश्न वाचकापुढे ठेवावा आणि आपण कोणत्या बाजूला आहोत, हेही निर्भीडपणे सांगावे. रॉड्रिग्ज यांनी अखेर काय केले, हे सांगण्याची त्यासाठी गरज पडत नाही. श्रद्धेची कसोटी या पुस्तकात प्रामाणिकपणे घेतली गेली आहे की लेखकाने उत्तर आधीच ठरवून ठेवले आहे, यावर दोन परिच्छेद लिहिणाऱ्याने खरे परीक्षण केले, असे म्हणता येईल.

अर्थात राखून ठेवण्याचाही अतिरेक होऊ शकतो. ‘शेवट वाचकांनी मुळातूनच वाचावा’ असे म्हणून नुसती विशेषणे उधळली, तर ती जाहिरात होते. आपल्या वाचकांत मुलांसाठी पुस्तके निवडणारे आईवडील आहेत. ‘सायलेन्स’मध्ये छळाची वर्णने आहेत, ती प्रौढ मनालाही सोसत नाहीत, हे त्यांना कळले पाहिजे. ही पूर्वसूचना देताना कोण कसा मेला हे सांगावे लागत नाही. त्याचप्रमाणे, ज्यांनी पुस्तक वाचले आहे त्यांच्यासाठी शेवटाची सविस्तर चर्चा करणारा समीक्षालेख वेगळा लिहावा आणि पहिल्याच ओळीत तसे स्पष्ट करावे. परीक्षण पुस्तकापूर्वी वाचायचे असते, समीक्षा पुस्तकानंतर. या दोहोंची गल्लत आपण फार दिवस करीत आलो आहोत.

नव्या परीक्षकांसाठी एक साधी पद्धत सुचवावीशी वाटते. कथानकासाठी एकच परिच्छेद राखावा आणि तो पुस्तकाच्या पहिल्या तृतीयांशाच्या पुढे जाऊ देऊ नये. ‘ओघवती’, ‘हृदयस्पर्शी’ असा शब्द लिहिण्याचा मोह झाला की, तो कोणत्या पानामुळे सुचला ते शोधावे आणि त्या पानाविषयी लिहावे. न आवडलेली एक तरी गोष्ट कारणासह नोंदवावी. मग मसुदा अशा माणसाला वाचायला द्यावा, ज्याने ते पुस्तक पाहिलेलेही नाही. ऐकून झाल्यावर ‘पुढे काय झाले?’ असे त्याने विचारले, तर उत्तर न देता त्याच्या हातात पुस्तक ठेवावे.