जावास्क्रिप्टमधील प्रोटोटाइप प्रदूषण : संरक्षण-उपायांची चिकित्सा

प्रस्तावना :
ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केपसाठी जावास्क्रिप्ट ही भाषा निर्माण केली. या भाषेत एखाद्या ऑब्जेक्टजवळ अपेक्षित गुणधर्म नसेल, तर तो त्याच्या प्रोटोटाइपमध्ये, म्हणजेच पूर्वज ऑब्जेक्टमध्ये, शोधला जातो. बहुतेक ऑब्जेक्टांचा अंतिम पूर्वज एकच असतो. हल्लेखोराने त्या पूर्वजातच एखादा गुणधर्म घुसविल्यास तो सर्वांना वारशाने प्राप्त होतो. यासच प्रोटोटाइप प्रदूषण म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यावरील प्रचलित उपायांची चिकित्सा केली आहे.

समस्येचे स्वरूप :
गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) ग्रामसभेस २०११ मध्ये बांबूचे वाहतूक परवाने देण्याचा अधिकार प्राप्त झाला. असे परवाने देणाऱ्या एखाद्या संगणकीय प्रणालीची कल्पना केल्यास प्रश्नाचे गांभीर्य ध्यानी येते. सामान्य सदस्याच्या नोंदीत 'अधिकृत' हा गुणधर्मच नसेल, तर प्रणाली तो पूर्वजात शोधील. आणि पूर्वज प्रदूषित असल्यास कोणीही अधिकृत ठरेल. प्रदीर्घ प्रयत्नांनी मिळालेला सामूहिक अधिकार अशा रीतीने निरर्थक होऊ शकतो.

उपायांची चिकित्सा :
बाहेरून आलेली माहिती जुन्या ऑब्जेक्टमध्ये खोलवर विलीन करताना हे प्रदूषण बहुधा घडते. लोडॅश या लोकप्रिय संग्रहाच्या ४.१७.५ या आवृत्तीत २०१८ साली 'प्रोटो' या विशेष नावाचा मार्ग रोखण्यात आला. तथापि 'कन्स्ट्रक्टर' या नावातून त्याच पूर्वजापर्यंत पोहोचता येत होते. परिणामी पुन्हा दुरुस्त्या कराव्या लागल्या. त्यांपैकी एक २०१९ मध्ये ४.१७.१२ या आवृत्तीत झाली. जेक्वेरीलाही त्याच वर्षी ३.४.० या आवृत्तीत असाच दोष दूर करावा लागला. एकेक नाव निषिद्ध करणे म्हणजे वाड्याची एक वाट बंद करून दुसरी उघडी ठेवणे होय, हे यावरून स्पष्ट होते. नोड प्रणालीत 'प्रोटो' काढून टाकण्याची सोय आहे. परंतु तीही दुसरी वाट बंद करीत नाही. मूळ पूर्वज गोठविणे अधिक परिणामकारक असले, तरी त्यात बदल करणारे जुने संग्रह त्यामुळे बंद पडू शकतात. याउलट, बाहेरील माहितीसाठी पूर्वजहीन ऑब्जेक्ट किंवा 'मॅप' वापरणे, येणारी माहिती ठरावीक आराखड्याशी पडताळणे आणि गुणधर्म नोंदीचा स्वतःचा आहे काय हे तपासणे, हे उपाय दोषाच्या मुळाशी जातात.

निष्कर्ष :
चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांसाठी २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. येथील संगणकाच्या विद्यार्थ्यांना वारशाची सोय शिकविताना तिचा धोकाही शिकविणे अगत्याचे आहे. अधिकार देताना वारसा न पाहता स्वतःची स्पष्ट नोंद पाहावी आणि नोंद नसल्यास नकारच गृहीत धरावा, हे तत्त्व कोणत्याही एका दुरुस्तीपेक्षा अधिक टिकाऊ आहे.