व्हिडिओ गेम : संहिता, प्रयोग आणि अखंड जोडणी

साहित्यविषयक नियतकालिकात व्हिडिओ गेमची चर्चा व्हावी, हे आमच्या कित्येक वाचकांना रुचणार नाही. चित्रपटही एके काळी याच दाराबाहेर तिष्ठत उभा होता, एवढे स्मरण देऊन आम्ही तो वाद बाजूस ठेवतो. गेम ही कला आहे की करमणूक, हे ज्याने त्याने ठरवावे. आमच्यापुढचा प्रश्न त्याहून साधा आणि, आमच्या मते, अधिक निकडीचा आहे. पैसे देऊन घेतलेली कृती उघडण्यासाठी प्रत्येक वेळी तिच्या निर्मात्याची अनुमती लागत असेल, तर ती कृती रसिकाच्या हाती आली असे म्हणता येईल काय?

ज्यांचा या विषयाशी परिचय नाही त्यांच्यासाठी वस्तुस्थिती थोडक्यात सांगणे इष्ट. काही गेम असे रचलेले असतात की, ते सुरू असेपर्यंत खेळणाऱ्याच्या यंत्राचा कंपनीच्या सर्व्हरशी इंटरनेटद्वारे संबंध राहिलाच पाहिजे. संबंध तुटला की खेळ थांबतो. दहा जण मिळून खेळत असतील तर यात नवल नाही. परंतु एकट्याने, दुसऱ्या कोणाशीही देवघेव न करता खेळण्याच्या गेमवरही हे बंधन घातले जाते, आणि वाद आहे तो तेथे. २०१० साली युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने संगणकावरील ‘असॅसिन्स क्रीड २’ला हे बंधन घातले. चोरट्या नकला थांबवणे हा त्यामागील हेतू होता. हा हेतू आम्ही हसण्यावारी नेत नाही. चोरट्या आवृत्त्यांनी काय नुकसान होते, हे मराठी प्रकाशकांना कोणी शिकवावयास नको. पण येथे चोराला अडवण्यासाठी घातलेली कडी प्रामाणिक ग्राहकाच्या दाराला बाहेरून लागली.

पुढील दोन उदाहरणे या वादात वारंवार दिली जातात, आणि ती तशीच बोलकी आहेत. मे २०१२ मध्ये ब्लिझर्ड कंपनीचा ‘डायब्लो ३’ प्रसिद्ध झाला. पहिल्याच दिवशी असंख्य ग्राहकांना, एकट्यानेच खेळावयाचे असूनही, आत प्रवेश मिळेना. पडद्यावर ‘एरर ३७’ एवढेच उमटत राहिले. अखंड जोडणी हा या खेळाचा स्वभावच आहे, असे समर्थन पुष्कळांनी केले. परंतु २०१३ च्या सप्टेंबरात तोच गेम कन्सोल-यंत्रांसाठी निघाला, तेव्हा तो जोडणीवाचून खुशाल खेळता येऊ लागला. दुसरे उदाहरण ‘सिमसिटी’चे. हा नगररचनेचा खेळ मार्च २०१३ मध्ये आला. सर्व्हरवर इतका ताण पडला की, विकत घेतलेले शहर वसवण्यासाठी लोकांना रांगेत तिष्ठावे लागले. शहराचे बरेचसे गणित आमच्या सर्व्हरवरच होते, म्हणून जोडणी अपरिहार्य आहे, असे कंपनीचे म्हणणे होते. काही जाणकारांनी जोडणी तोडूनही शहर चालते हे लवकरच दाखवून दिले, आणि मार्च २०१४ मध्ये कंपनीनेच जोडणीवाचून खेळण्याची सोय केली. एका वर्षापूर्वी जे अपरिहार्य होते ते एका वर्षात ऐच्छिक झाले! ज्याला कृतीचा स्वभाव म्हणून आपल्यापुढे ठेवले जाते, ते पुष्कळदा विक्रेत्याचे धोरण असते, हे ओळखणे समीक्षकाचे पहिले काम आहे असे आम्हांस वाटते.

‘आता इंटरनेट सर्वत्र आहे, मग तक्रार कसली?’ असेही विचारले जाते. आम्ही हे दापोऱ्याहून लिहीत आहोत. बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील हे गाव. सीमेपलीकडे जळगाव जिल्हा, आणि केळीच्या बागांना ती सीमा ठाऊक नाही. २०१६ नंतर देशभर मोबाइलचा डेटा स्वस्त झाला, आणि इकडच्या मुलांच्या हातीही गेम आले, हे खरे. पण जोडणी असणे निराळे आणि अखंड असणे निराळे. शेतावरच्या पंपाची वीज पाळीने येते म्हणून कोणी ‘येथे वीज नाही’ असे म्हणत नाही. मात्र ती पाळी सांभाळूनच पाण्याचा हिशेब मांडावा लागतो. पुस्तक हा हिशेब मागत नाही. पावसाळी रात्री वीज गेली तरी कंदिलाच्या उजेडात ते वाचता येते. शिवाय जोडणी निसर्गानेच तुटते असे नाही. काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ मध्ये संपर्क बंद झाला, तो वेगवान मोबाइल इंटरनेट पूर्ववत होईपर्यंत फेब्रुवारी २०२१ उजाडला. ऑक्टोबर २०२३ मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनात बीड जिल्ह्यातही इंटरनेट बंद ठेवण्यात आले होते. अशा वेळी एखाद्या मुलाचा खेळ बंद पडणे ही सर्वांत क्षुल्लक हानी होय, हे आम्ही जाणतो. तथापि घरात असलेली, विकत घेतलेली वस्तू दूरच्या हुकमाने निरुपयोगी होते, हे तत्त्व त्या क्षुल्लक हानीतही दिसतेच.

आता पूर्वपक्षातील सर्वांत बळकट मुद्द्याकडे वळू. तो असा : गेम म्हणजे ग्रंथ नव्हे, तो प्रयोग आहे. नाटकाचे तिकीट काढणाऱ्याला रंगभूमीची मालकी मिळत नाही. मंडळी मुक्काम हलवून गेली की प्रयोग संपतो, आणि त्याबद्दल कोणी फिर्याद करीत नाही. हा युक्तिवाद आम्हांस मोलाचा वाटतो, कारण आमच्या भाषेत त्याची परीक्षा घेण्यास भरपूर सामग्री आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत सौभद्र’ १८८२ साली रंगभूमीवर आले. अण्णासाहेब १८८५ मध्ये निवर्तले. पुढे त्यांची नाटक मंडळीही काळाच्या ओघात राहिली नाही. तरीही ‘सौभद्र’ होतच राहिले : निराळ्या नटांनी, निराळ्या गळ्यांनी, गावोगावच्या हौशी संस्थांनी ते केले, कारण प्रयोग संपला तरी संहिता उरली होती. जो प्रयोग भाऊराव कोल्हटकरांनी गाजवला तो आपणांस मिळणार नाही, हे दुःख आहे. परंतु नाटकच मिळणार नाही, असे झाले नाही. अखंड जोडणीच्या गेममध्ये प्रयोगाबरोबर संहिताही मंडळींच्या पेटाऱ्यात बंद होऊन जाते. तेव्हा प्रयोगाची उपमा ज्यांनी पुढे केली, त्यांच्यावरच ती उलटते.

याचा प्रत्यय ‘द क्रू’ या गेमने आणून दिला. युबिसॉफ्टचा हा मोटारशर्यतीचा गेम डिसेंबर २०१४ मध्ये निघाला. अमेरिकेचा एक संक्षिप्त भूगोल त्यात उभा केलेला होता, आणि एका खेळाडूने एकट्याने पुरी करावयाची एक कथाही त्यात होती. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने त्याचे सर्व्हर बंद केले आणि त्या क्षणापासून ती एकट्याची कथाही कोणाला उघडता येईना. ज्यांच्या कपाटात त्याची तबकडी आहे, त्यांच्या कपाटात ती आहेच. ती आता काही सांगत नाही, इतकेच. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत लपवले, आणि कित्येक शतके परक्यांना ते वाचता आले नाहीत. पण किल्ली लिपीतच दडलेली होती. म्हणून इतिहासाचार्य राजवाड्यांना ती शोधून काढता आली आणि मराठी गद्याचा आरंभकाळ आपल्यापुढे खुला झाला. ‘द क्रू’च्या तबकडीत निम्मे घर आहे, उरलेले निम्मे आणि किल्ली ही दोन्ही कंपनीच्या यंत्रशाळेत राहिली. उद्याच्या एखाद्या राजवाड्याने येथे काय उकलावे?

बुऱ्हाणपूरच्या वाचकाला येथे कुंडी भंडारा आठवल्यावाचून राहणार नाही. सतराव्या शतकाच्या आरंभी, मोगल अमदानीत, सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी भूमिगत मार्गाने शहराकडे आणले गेले. सुभेदार गेले, बादशाही गेली. पाणी वाहत राहिले, कारण ते वाहण्याची युक्ती जमिनीच्या उतारातच बसवलेली होती.

मात्र सर्व गेमना एकच माप लावणे अन्यायाचे होईल, आणि या वादातील पुष्कळ आवेशी लेखन ते लावते. जो गेम शंभर अनोळखी माणसांच्या झटापटीवरच उभा आहे, त्याला जोडणी हवीच. कबड्डीला दुसरा संघ हवा, तसे ते आहे. ‘पबजी मोबाइल’ हे आपल्याकडचे ठळक उदाहरण. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली, त्यांत तो होता. ३० ऑक्टोबरला भारतातील त्याची सेवा थांबली. अनेक घरांत पालकांनी सुटकेचा नि:श्वास टाकला असेल, आणि त्यांची चिंता निराधार होती असे आम्ही म्हणणार नाही. परंतु गेमच्या इष्टानिष्टतेचा तो निराळा प्रश्न या प्रश्नात मिसळू नये. ‘पबजी’ बंद झाला तेव्हा एक मैदान बंद झाले. ‘द क्रू’मधील एकट्याची कथा बंद झाली तेव्हा एक ग्रंथ मिटला. हा भेद ध्यानी न ठेवल्यास मागणीही भलतीच होते. कंपनीने आपले सर्व्हर यावच्चंद्रदिवाकरौ चालू ठेवावेत, असे कोणताही विचारी माणूस म्हणणार नाही.

मग मागावे काय? युरोपात या संबंधी जे नागरिकांचे निवेदन चालवले गेले, त्यावर जुलै २०२५ मध्ये दहा लाखांहून अधिक स्वाक्षऱ्या झाल्या. त्यातील मागणी मर्यादित आहे : कंपनीने आधार काढून घेताना गेम वाजवी रीतीने खेळता येईल अशा स्थितीत सोडून जावे. असे बंधन आले तर गेम रचणे फार खर्चाचे होईल, असे तेथील व्यावसायिकांच्या संघटनेचे उत्तर आहे. जुन्या गेमच्या बाबतीत त्यात तथ्य असावे. नवा गेम रचतानाच शेवटाची तजवीज केली तर तो खर्च किती उरेल, हा विचार त्या उत्तरात आम्हांस आढळत नाही. आणि युबिसॉफ्टनेच सप्टेंबर २०२४ मध्ये ‘द क्रू’च्या पुढील दोन भागांसाठी जोडणीवाचून खेळण्याची सोय जाहीर केली, हे पाहता ती तजवीज अशक्य कोटीतील नसावी. कॅलिफोर्नियाने निराळा मार्ग धरला. २०२५ च्या आरंभापासून तेथे, ग्राहकाला केवळ परवाना मिळत असेल तर विक्रेत्याला तसे स्पष्ट सांगावे लागते. हा कायदा प्रामाणिक आहे, पण तोकडा आहे. दार बंद होईल, एवढेच तो आधी सांगतो.

शिक्षकांचा या साऱ्याशी संबंध कोठे येतो, हे एका जवळच्या कृतीवरून सांगता येईल. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० साली ‘राजी’ हा गेम प्रसिद्ध केला. राजी ही मुलगी असुरांनी पळवून नेलेल्या आपल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधीत निघते. दुर्गा आणि विष्णू यांच्या संवादातून तिची कथा निवेदन केली जाते, आणि मधले काही प्रसंग छायाबाहुल्यांच्या रीतीने दाखवले आहेत. कुडाळजवळच्या पिंगुळीची चामड्याच्या बाहुल्यांची परंपरा ज्याने पाहिली आहे, त्याला या निवेदनाबद्दल पुष्कळ बोलता येईल. देवतांना निवेदक करून कथा सांगण्याची पुराणांची रीत येथे कितपत पेलली आहे आणि कोठे ती नुसती शोभा झाली आहे, हा वर्गात चर्चेला घेण्याजोगा प्रश्न आहे. ही चर्चा होऊ शकते, कारण ‘राजी’ला अखंड जोडणी लागत नाही. शिक्षकाने एक विधान करावे, विद्यार्थ्याने घरी जाऊन तोच प्रसंग पुन्हा पाहावा आणि दुसऱ्या दिवशी शिक्षकाला खोडून काढावे, एवढी सोय त्यात आहे. समीक्षेला याहून अधिक काही लागत नाही, आणि याहून कमी चालत नाही. ‘द क्रू’विषयी आज कोणी काहीही लिहावे, ते पडताळून पाहणार कोण?

ग्रंथांच्या बाबतीत ही पडताळणी आपण दैवावर सोडलेली नाही. १९५४ च्या कायद्यान्वये प्रत्येक प्रकाशकाला आपल्या ग्रंथाची प्रत स्वखर्चाने, प्रकाशनापासून तीस दिवसांत, कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे आणि आणखी तीन सार्वजनिक ग्रंथालयांकडे पाठवावी लागते. त्यांत एक मुंबईचे आहे. १९५६ साली दुरुस्ती होऊन वृत्तपत्रांचाही त्यात समावेश झाला. चित्रपटांसाठी १९६४ मध्ये पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले. परंतु तोवर फाळक्यांचा १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ पूर्ण स्वरूपात मिळण्याची वेळ निघून गेली होती. पुण्यातच रचलेल्या ‘राजी’ची एक प्रत, आणि ती चालवण्यास लागणारे यंत्र, कोणी कोठे जमा करावे, याविषयी १९५४ च्या त्या कायद्यात एक अक्षरही नाही.