‘काइ’ : एका लहान अव्ययाचे सामर्थ्य

मार्ककृत ग्रीक शुभवर्तमानातील निम्म्याहून अधिक वचनांचा आरंभ ‘काइ’ म्हणजे ‘आणि’ या अव्ययाने होतो. ‘दे’ हे दुसरे अव्यय संस्कृत ‘तु’प्रमाणे वाक्यात दुसऱ्या स्थानी येऊन विरोध वा वळण सुचविते, मत्तय व लूक मार्कच्या ‘काइ’ऐवजी पुष्कळदा तेच योजितात. बाराव्या अध्यायात अधिकाऱ्यांना येशूस धरावयाचे आहे, ‘काइ’ लोकसमुदायाचे भय वाटते. अनुवादक येथे बहुधा ‘परंतु’ घालतात. अर्थ सुबोध होतो खरा. पण इच्छा आणि भय एकाच मनात शेजारी नांदतात, हे मुळातील मर्म हरपते. आपल्या व्रतकथांतील ‘मग’ही असाच कार्यकारण न सांगता घटना जोडतो. संबंध ओळखण्याचे काम मार्क श्रोत्यावर सोपवितो; अनुवादकाने ते हिरावून घेऊ नये.