महाराष्ट्रातील रणक्षेत्रे आणि वारसा-संरक्षणाची मर्यादित दृष्टी : एक चिकित्सा

प्रास्ताविक

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीने पॅरिस येथील अधिवेशनात ‘भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग व सिंधुदुर्ग हे अकरा किल्ले महाराष्ट्रातील असून बारावा जिंजी तामिळनाडूत आहे. या घटनेचे सर्वत्र स्वागत झाले आणि ते उचितच होते. तथापि नोंदीच्या शीर्षकात ‘भूप्रदेश’ हा शब्द असताना यादीत मात्र केवळ किल्ल्यांचीच नावे आहेत, या विसंगतीची पुरेशी चर्चा झालेली दिसत नाही.

ही विसंगती शब्दापुरती नाही. साल्हेरचे ऐतिहासिक महत्त्व त्याच्या उंचीत जेवढे आहे, त्याहून अधिक ते १६७२ मध्ये त्याच्या परिसरात झालेल्या लढाईत आहे. मोरोपंत पिंगळे व प्रतापराव गुजर यांनी मोगली फौजेचा खुल्या मैदानात पराभव केला, तो गडाच्या तटावर नव्हे. प्रतापगडाची गोष्टही तीच. १० नोव्हेंबर १६५९ ची भेट गडाच्या पायथ्याशी झाली आणि अफजलखानाच्या फौजेचा निकाल जावळीच्या रानात लागला. पन्हाळा यादीत आहे. परंतु १६६० च्या वेढ्यातून निघालेली वाट जेथे संपते तो विशाळगड आणि जेथे बाजीप्रभूंनी देह ठेवला ती गजापूरची खिंड यादीबाहेर आहेत. म्हणजे वाटेचे एक टोक जागतिक वारसा, तर उरलेली सगळी वाट केवळ आषाढातल्या पदभ्रमंतीचा विषय. लढाई ज्या जमिनीवर झाली ती जमीन हाच लष्करी इतिहासाचा एक अस्सल दस्तऐवज आहे आणि राज्याच्या वारसा-व्यवस्थेत या दस्तऐवजाला अद्याप स्वतंत्र स्थान नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

जमीन वाचता येते काय?

या प्रश्नाचे उत्तर जालना जिल्ह्यातील असई येथे मिळते. २३ सप्टेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे व रघूजी भोसले यांच्या संयुक्त फौजेसमोर आर्थर वेलस्ली अनपेक्षितपणे येऊन ठेपला. मध्ये केळणा नदी होती. पुढे उतार नाही, असे वाटाड्यांनी त्याला सांगितले होते. परंतु नदीच्या दोन्ही काठांवर पिंपळगाव व वरूड ही दोन गावे समोरासमोर दिसत होती. इतक्या जवळच्या दोन गावांत येण्याजाण्याची वाट असलीच पाहिजे, असा तर्क त्याने केला आणि तो खरा ठरला. फौज तेथून नदीपार झाली.

पुढील घडामोडीही भूरचनेनेच ठरवल्या. केळणा आणि जुई या नद्यांमधील जमीन संगमाकडे निमुळती होत जाते. या चिंचोळ्या पट्ट्यात मराठ्यांच्या अफाट घोडदळाला पसरायला वाव राहिला नाही. पोलमनच्या कवायती पायदळाने मात्र तोंड फिरवून नवी रांग धरली. तिचे उजवे टोक केळणेवर, तर डावे टोक असई गावावर टेकलेले होते. एवढ्या मोठ्या सैन्याने ऐन वेळी मोर्चा बदलणे ही सामान्य गोष्ट नव्हे, आणि आपल्या पाठ्यपुस्तकी पराभव-वर्णनांत तिची नोंद क्वचितच होते. इंग्रजांची ७४ वी पलटण वाट चुकून असई गावाच्या अंगावर गेली व तिची अक्षरशः कत्तल झाली. मृत, जखमी व बेपत्ता मिळून इंग्रजांची हानी सुमारे १,६०० होती. एवढ्या लहान फौजेच्या मानाने हे प्रमाण भयंकर आहे. मराठ्यांच्या तोफखान्याची गुणवत्ता समजून घेण्यासाठी याहून बोलका पुरावा कोणता?

हे सर्व कागदांवरून सांगता येते. पण ते पटते ते दोन गावांच्या मधल्या उतारावर उभे राहिल्यावरच. उद्या तेथे बंधारा झाला, वाळू-उपशाने पात्र बदलले किंवा संगमाच्या पट्ट्यात वसाहत उभी राहिली, तर एकही ‘स्मारक’ न पाडता हा पुरावा नाहीसा होईल. कायद्याच्या दृष्टीने कोणतेही नुकसान झालेले नसेल.

अशा नुकसानीचे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. ५ नोव्हेंबर १८१७ ची खडकीची लढाई गणेशखिंड आणि दापोडी यांच्या दरम्यानच्या माळावर झाली. बापू गोखल्यांच्या घोडदळाचा हल्ला इंग्रज रांगेपर्यंत पोहोचण्यापूर्वी एका दलदलीच्या पट्ट्यात अडखळला, आणि पेशवाईच्या शेवटाची सुरुवात झाली. आज तो माळ म्हणजे पुणे शहर आहे. विद्यापीठातील बैठकांसाठी आपण प्राध्यापक मंडळी या रणक्षेत्राच्या कडेने किती वेळा गेलो असू, याची गणती नाही. ती दलदल कोठे होती, हे आपल्यापैकी कोणी विचारल्याचे मात्र स्मरत नाही.

कायद्याची व्याख्या आणि स्मारकाची हौस

१९५८ चा केंद्रीय कायदा आणि १९६० चा महाराष्ट्राचा कायदा हे दोन्ही मुख्यतः ‘प्राचीन स्मारक’ आणि ‘पुराणवस्तुशास्त्रीय स्थळ व अवशेष’ या दोन संकल्पनांवर उभे आहेत. पहिलीत बांधकाम, लेणी, शिलालेख, थडगे इत्यादी येतात. दुसरीत अवशेष असलेला किंवा तेथे ते असल्याचा वाजवी विश्वास असलेला भूभाग येतो. म्हणजे रणक्षेत्राला दार पूर्णपणे बंद नाही. शिशाच्या गोळ्या, तोफगोळ्यांचे तुकडे, घोड्यांचे नाल हे अवशेषच होत. पण ते आहेत हे दाखवण्यासाठी सर्वेक्षण हवे. अमेरिकेत लिटल बिगहॉर्न या १८७६ च्या रणक्षेत्रावर १९८३ च्या वणव्याने गवत जळाल्यानंतर १९८४ मध्ये धातुशोधक यंत्रांनी पद्धतशीर सर्वेक्षण झाले. प्रत्येक वस्तूची जागा नोंदवून सैनिकांच्या हालचालींचा माग काढण्यात आला. रणक्षेत्रांचे पुरातत्त्व ही शाखा त्यातून स्थिरावली. आपल्याकडे ही शाखा अजून बाल्यावस्थेतही आलेली नाही.

सर्वेक्षणाऐवजी आपल्याकडे होते ते स्मारक. चौथरा, स्तंभ, पुतळा, कमान आणि वाहनतळ हा आता जवळजवळ ठरलेला आराखडा आहे. २ फेब्रुवारी १६६१ रोजी उंबरखिंडीत कारतलबखानाची फौज कोंडली गेली. खालापूर तालुक्यातील चावणी गावाजवळ या विजयाचे स्मारक आहे व तेथे जाणाऱ्यांची श्रद्धा निःसंशय आदरणीय आहे. परंतु उंबरखिंडीचे खरे शस्त्र म्हणजे घाट उतरल्यानंतरची ती अरुंद, झाडीने भरलेली वाट आणि दोन्ही बाजूंचे उतार. स्तंभ एका बिंदूवर उभा राहतो, लढाई मात्र लांबलचक वाटेवर झालेली असते. बिंदू जपला आणि उतार फार्महाउसांना दिले, तर जपले काय, हा प्रश्न उरतो.

पालखेडच्या बाबतीत तर बिंदूही सापडत नाही. (वैजापूर तालुक्यातील हे पालखेड आणि नाशिक जिल्ह्यातील धरणाचे पालखेड यांची गल्लत अभ्यासकांकडूनही होते.) १७२८ मध्ये पहिल्या बाजीरावाने निजामाला येथे पकडले ते हातघाईच्या लढाईने नव्हे, तर त्याची रसद आणि पाणी तोडून. मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह झाला. मग पालखेडचे रणक्षेत्र कोणते? पाणवठे, की पाणवठ्यांपासून दूर असलेला माळ? स्तंभ उभारण्याच्या दृष्टीला हा प्रश्नच पडत नाही.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. रणक्षेत्रे जपणे म्हणजे जुनी वैरे जपणे, असे म्हटले जाते. हा आक्षेप सहज उडवून लावण्यासारखा नाही. कोरेगाव भीमा येथील १ जानेवारी १८१८ च्या लढाईचा स्तंभ इंग्रजांनी स्वतःच्या पराक्रमासाठी उभारला. परंतु त्यावरील ‘नाक’ प्रत्ययान्त नावांनी त्याला वेगळा अर्थ दिला. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे गेले आणि तो स्तंभ एका समाजाच्या आत्मसन्मानाचे स्थान झाला. लढाईच्या निकालाविषयी अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. १ जानेवारी २०१८ रोजी तेथे हिंसाचार झाला. जुलै २०२४ मध्ये विशाळगडावरील अतिक्रमणविरोधी आंदोलनाच्या वेळी गजापुरात घरांची व प्रार्थनास्थळाची मोडतोड झाली. म्हणजे खिंडीच्या पायरीवरच. अशा घटनांमुळे ही स्थळे विसरावीत, असे मात्र निष्पन्न होत नाही. कोणत्या जागी काय घडले, कोणत्या साधनाने ते कळते व त्यात कोठे मतभेद आहे, याची अधिकृत नोंद नसते तेव्हा त्या जागेचा अर्थ ज्याचा आवाज मोठा त्याच्या हाती जातो.

राज्याने काय करावे?

इंग्लंडमध्ये १९९५ साली ४३ ऐतिहासिक रणक्षेत्रांची नोंदवही तयार झाली. तिचा विशेष असा की नोंदीमुळे जमीन ताब्यात घेतली जात नाही, शेती थांबत नाही. फक्त बांधकामाच्या परवानगीचा विचार करताना नियोजन अधिकाऱ्याला त्या नोंदीची दखल घ्यावी लागते. स्थान खात्रीने निश्चित करता येत नाही, ती लढाई नोंदवहीत घेतली जात नाही. हा शेवटचा निकष आपल्याकडे अनेकांना गैरसोयीचा वाटेल.

महाराष्ट्राला यासाठी नवा कायदा करण्याची गरज नाही, असे वाटते. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमात ऐतिहासिक महत्त्वाच्या केवळ वास्तूंचेच नव्हे, तर ‘स्थळांचे’ जतन हाही योजनेचा विषय मानलेला आहे. पुरातत्त्व संचालनालयाने सीमा आखून द्यावी आणि नगररचना विभागाने ती योजनेच्या नकाशावर उतरवावी, एवढे साधले तरी पुष्कळ होईल. दोन खात्यांमध्ये फाइल किती दिवस प्रवास करील, हा निराळा प्रश्न. केंद्रीय स्मारकांभोवती २०१० च्या दुरुस्तीने आलेले १०० मीटरचे प्रतिबंधित व त्यापुढील २०० मीटरचे नियंत्रित क्षेत्र येथे जसेच्या तसे लावणे चुकीचे ठरेल. असईचा शेतकरी घराची पडवी वाढवू शकत नसेल, तर तो त्या लढाईला शापच देईल. वास्तविक उघडी शेते हेच रणक्षेत्राचे सर्वांत चांगले संरक्षण आहे. दृष्टी अडत नाही, उतार कळतात, नदी नदीच्या जागी राहते.

अडचण आहे ती नांगराखाली निघणाऱ्या वस्तूंची. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या, दहा रुपयांहून अधिक मूल्याच्या ठेव्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यास देणे बंधनकारक आहे. कायदा सोन्यानाण्याच्या हंड्यांसाठी होता. गंजलेल्या तोफगोळ्यासाठी तहसील कार्यालयाच्या फेऱ्या कोण घालणार? तो भंगारात जाण्याचीच शक्यता अधिक. त्याऐवजी गावातच, ग्रामपंचायत व जवळच्या महाविद्यालयाचा इतिहास विभाग यांच्याकडे एक वही असावी. वस्तू कोणाच्या शेतात, कोणत्या बांधापासून किती अंतरावर, किती खोल सापडली, एवढेच तीत लिहावे आणि वस्तू शेतकऱ्याच्या नावाने जपावी. असईपासून ही सुरुवात करता येईल. पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावे त्या वहीत पहिल्या पानावर यावीत.