‘पंचवीस वर्षांचे आयुष्य’ : एक सदोष विधान

सौरऊर्जेवरील माहितीपुस्तिकांत आणि विज्ञान प्रदर्शनांतील तक्त्यांत एक वाक्य हमखास आढळते : ‘सौर पॅनेलचे आयुष्य २५ वर्षे असते.’ वाक्य सोपे आहे, पण त्यातून विद्यार्थ्याच्या मनात चुकीचे चित्र उभे राहते. विजेचा दिवा जसा एके दिवशी जातो, तसे पॅनेल सव्विसाव्या वर्षी बंद पडेल, असे त्याला वाटते.

वास्तविक २५ वर्षे ही सहसा उत्पादकाने दिलेल्या हमीची मुदत असते. त्या मुदतीअखेर मूळ क्षमतेच्या सुमारे ८० टक्के वीज मिळेल, एवढेच ती हमी सांगते. स्वित्झर्लंडमध्ये लुगानो येथे १९८२ साली बसवलेली २८८ पॅनेल ३५ वर्षांनंतर तपासण्यात आली. मोजमापातील त्रुटीची मर्यादा धरून, त्यांपैकी जवळजवळ ७० टक्के पॅनेल तेव्हाही ही कसोटी पार करत होती.

दुसरा दोष कारणांचा. ‘सिलिकॉन झिजते’ असे सांगितले जाते. प्रत्यक्षात बहुधा सौरघटाआधी त्याचे वेष्टन थकते. अतिनील किरणांमुळे घटाभोवतीचा पारदर्शक थर पिवळा पडतो, ओलावा शिरून धातूच्या पट्ट्या गंजतात, रोजच्या तापण्या-निवण्याने डाख तडकतात. लुगानोच्या पॅनेलमध्ये हा थर तीन पुरवठादारांचा होता आणि त्यानुसार ऱ्हासही कमी-अधिक झाला.

तिसरी चूक गणिताची, म्हणून अधिक गंभीर. जॉर्डन आणि कर्ट्झ यांनी २०१२ च्या आढाव्यात जगभरातील सुमारे २,००० नोंदींवरून ऱ्हासाचा मध्यक दर वर्षाला ०.५ टक्के दिला. म्हणजे २५ वर्षांत १२.५ टक्के. मग २० टक्के कार्यक्षमतेच्या पॅनेलची कार्यक्षमता २० वजा १२.५, म्हणजे ७.५ टक्के उरेल काय? नाही. ऱ्हास मूळ क्षमतेचा आहे. कार्यक्षमता साधारण १७.५ टक्के उरते. शेकडेवारी शिकवायला याहून चांगले उदाहरण कोणते?

शाळेतील पॅनेल कमी वीज देऊ लागले की ‘जुने झाले’ म्हणून ते काढून टाकण्याची घाई होते. आधी एक प्रयोग करावा. एक लहान पॅनेल काही आठवडे उघड्यावर ठेवावे. मग निरभ्र दुपारी त्याचा विद्युतप्रवाह मोजावा, काच पुसावी आणि लगेच पुन्हा मोजावा. प्रवाह वाढला, तर तेवढा दोष धुळीचा. वय आणि धूळ यांतला हा फरक विद्यार्थ्यांनी स्वतः मोजलेला बरा. तक्त्यावरून पाठ केलेला नव्हे.